पेन्सिलीतली बरोबरची खूण

सर, आधी तक्रार, मग खुशाली. तुम्ही शिखरांच्या वहीत 'शेरा' नावाचा जो रकाना आखलात, तो जेमतेम दोन बोटं रुंद आहे. 'शिखराचे नाव' याला वीतभर जागा, 'हवामान' याला ऐसपैस जागा, 'सोबत कोण' याला तर अख्खी वरात मावेल इतकी जागा, आणि जिथं माणसाला काही खरं बोलायचं असतं तिथं दोन बोटं. गेली पंचवीसेक वर्षं मी या अन्यायाखाली दबून लिहितो आहे. कळसूबाईचा शेरा मी 'वारा फार' असा लिहिला, तर त्यातला 'र' खालच्या ओळीत सांडला. राजगडाच्या बालेकिल्ल्यासमोर 'पाय लटपटले' एवढंच लिहायचं होतं, तिथं 'पाय' मावले आणि लटपटणं समासात गेलं. ही तक्रार योग्य त्या अधिकाऱ्याकडे सादर करावी म्हटलं तर ते अधिकारी तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की दौंडात तुमच्या दोन खोल्या होत्या तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी एकदा मुद्दाम आत डोकावलो. जिथं तुमचा वातीचा स्टोव्ह असायचा तिथं एक मुलगा भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसला होता. म्हणाला, "काय प्रॉब्लेम आहे काका?" मी म्हणालो, "काही नाही, चालू आहे सगळं."

तर खुशाली अशी. मी शिरूरला असतो. कारखान्यात डिस्पॅचला आहे. तुम्ही ज्याला आठवी ते दहावी संस्कृतच्या विभक्त्या घोटून घोटून शिकवल्या, तो आता गाड्यांच्या चलनांवर सह्या करतो. वाया गेलो असं वाटून घेऊ नका. माझ्या हातून गेलेल्या चलनात ऱ्हस्वदीर्घाची चूक नसते, आणि त्यामुळे अद्याप कुणाचाही माल अडलेला नाही. लोडिंगवरची उत्तर प्रदेशची पोरं मला पंडितजी म्हणतात. सोमवारी मी लंगडत आलो की त्यांना कळतं, पंडितजी रविवारी कुठंतरी चढून आले. त्यातल्या एकानं एकदा अगदी मनापासून विचारलं, "पंडितजी, ऊपर मिलता क्या है?" मी म्हणालो, "हवा." तो म्हणाला, "वो तो नीचे भी फ्री है." बायकोचा मुद्दा याहून सोपा असतो. ती डबा भरताना विचारते, "डोंगर काय पळून चाललेत का?" आणि तरी डबा भरते.

खरं तर हा छंद लागावा अशी आपली भूमीच नाही. वरवंडला आमच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की चहूबाजूंना ऊस, आणि उसापलीकडे आणखी ऊस. एसटीनं हायवेवरून जाताना दक्षिणेला डोंगरांची एक रांग लांबवर दिसायची, तेवढंच काय ते उंच. ती रांग बघत मी शाळेला यायचो आणि पहिल्या तासाला तुम्हाला विचारायचो की त्या डोंगरापलीकडे काय असेल. चौथ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही खडू ठेवलात आणि म्हणालात, "रविवारी सकाळी सहाला स्टेशनवर ये. रिकाम्या हातानं येऊ नकोस, दप्तर पुस्तकांनी भरून आण." मला वाटलं कुठंतरी नेणार. तुम्ही मला प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायला लावलंत आणि स्टेशनवरच्या ब्रिजचा जिना दाखवलात. चढ. उतर. पुन्हा चढ. सपाट मुलुखातल्या माणसानं डोंगराची तयारी कुठं करायची, याचं तुम्ही शोधलेलं उत्तर ते होतं, आणि मला वाटतं अख्ख्या दौंडात ते फक्त आपल्या दोघांनाच पटलेलं होतं. तुमच्या पाठीवर पिशवीत चार विटा, माझ्या पाठीवर इयत्ता नववीचा सबंध अभ्यासक्रम. एक हमाल बिडी विझवून बघत राहिला. सहाव्या फेरीला म्हणाला, "मास्तर, कुठली गाडी पायजे? म्या सांगतो की, आसं वर-खाली कशाला करताय?" तुम्ही दम न लागता म्हणालात, "गाडी नको, सवय पायजे."

वहीतली पहिली नोंद तर अजून मला हसवते. तुम्ही आम्हा चौघा पोरांना घोडकाठच्या इनामगावला नेलं होतं, जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे ते मातीचं टेकाड, दाखवायला. हजारो वर्षांपूर्वी माणसं इथं राहत होती, मडकी घडवत होती, हे तुम्ही समजावून सांगत होता आणि आम्ही खापरं कुठं सापडतात का बघत होतो. परत निघताना तुम्ही नवीकोरी वही काढलीत, कापडी पाठीची, लांबडी, हजेरीपुस्तकासारखी, आणि वळणदार अक्षरात लिहिलंत : शिखर पहिले, इनामगावची पांढर. शेरा, 'म्हैसही चढते'. आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "कुठून सुरुवात केली ते खरं लिहावं, म्हणजे पुढचं खरं लिहायला जड जात नाही." हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. त्याचं फळ पुढे मिळालंच.

तुमचे नियम दोनच होते. पहिला चढण्याचा. पावलागणिक 'गिरि' शब्द चालवायचा. गिरिः गिरी गिरयः, एका श्वासात तीन रूपं, तीन पावलं. रूपं म्हणता येईनाशी झाली की वेग जास्त झाला, थांबायचं. रूपं सहज म्हणता येतायत आणि मध्ये गप्पाही सुचतायत, म्हणजे आळस होतोय, चालायचं. आजकालची पोरं मनगटावर घड्याळ बांधतात, ते छातीचे ठोके मोजतं आणि सावकाश चला म्हणून थरथरतं. मी त्यांना म्हणतो, आमचं घड्याळ आठ विभक्त्यांचं होतं. ती म्हणतात, काका, भारीच. दुसरा नियम लिहिण्याचा. डोंगरावर वही उघडायची नाही. खाली सुखरूप उतरायचं, चहा प्यायचा, मग नोंद. आणि ज्यानं शिखराला हात लावला त्यानं 'लावला' म्हणायचं, की तुम्ही बरोबरची खूण करणार. फोटो नको, साक्षीदार नको. शब्द हेच प्रमाण. मी एकदा शहाणपणानं विचारलं होतं, "सर, आणि कुणी खोटंच सांगितलं तर?" तुम्ही म्हणालात, "तर तो डोंगर त्याच्याकडे राहील. वहीकडे नाही."

सर, तसा एक डोंगर माझ्याकडे आहे.

बारावी होऊन मी पुण्याला कॉलेजला जाऊ लागलो होतो ते वर्ष. भाद्रपद. जुन्नरच्या पुढे घाटमाथ्याजवळ पठारावरची ती वाडी, पाचसहा घरं, एका घराच्या ओसरीत चहा मिळायचा. पठारापर्यंत आपण बरोबर आलो, पण तुमचा उजवा गुडघा त्याच्या आदल्या वर्षापासूनच कुरकुरत होता. तुम्ही देवळाच्या चौथऱ्यावर बसलात आणि म्हणालात, "तू जाऊन ये. नोंद दोघांची होईल." मी निघालो आणि तुमच्या पहिल्या नियमाला तिथल्या तिथं तिलांजली दिली. कॉलेजात गेलेला पोरगा मी. पोरांसारखी शब्दरूपं म्हणत कशाला चढू? पळतच सुटलो. मागून तुमचा आवाज आला, "शब्द चालव रे! शब्द!" मी ऐकलं नाही असं केलं.

धुकं आलं ते खालून आलं. आधी वाडीची कौलं गेली, मग माझी वाट, मग माझे बूट. मी ज्या माथ्यावर होतो तिथून पुढे जमीन खाली उतरत होती, एवढं पायांना कळत होतं. पुढे काही नाही, हेच शिखर, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, घाबरलो होतो आणि भीतीला निष्कर्षाचे कपडे घातले. परत वळलो तर वाट नाही. दगडांची घसरण आहे, डावीकडून वारा आहे, आणि वारा जिथून येतोय तिकडे कडा असणार एवढं मला माहीत आहे. मी बसून घेतो. किती वेळ बसतो कोण जाणे. मग खालून, उजव्या हाताकडून, तुमचा आवाज येतो. गिरिः गिरी गिरयः. गिरिम् गिरी गिरीन्. वर्गात म्हणायचात तसा नाही, पार घसा फाडून. सात विभक्त्या संपतात, संबोधन होतं, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं, नियम मोडला म्हणून सर माझी शोभा करतायत, सगळ्या वाडीला ऐकवतायत. मला इतका राग येतो की त्या रागात मी उठतो आणि आवाजाच्या रोखानं उतरत येतो. वाट कशी सापडली याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. पुढेही फार वर्षं केला नाही.

तुम्ही ओसरीच्या बाकावर होता. विचारलंत, "लावलास हात?" मी म्हणालो, "लावला." "काय होतं वर?" मी म्हणालो, "काही नाही सर. दगड. आणि धुकं." तुम्ही म्हणालात, "बरं. चहा घे." भजीही आली. नोंद तुम्ही परतीच्या एसटीत केलीत, मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं होतं.

पुढे तुमचा गुडघा गेलाच. तुम्ही मला वही दिलीत तो दिवस तुमच्या स्वयंपाकघरातला. तुम्ही स्टुलावर बसून थालीपीठ थापता आहात, लाकडी पाटावर ओला फडका, बोटानं मध्ये भोक. वही ताकाच्या लोटीशेजारी ठेवलेली. म्हणालात, "ही आता तू चालव. मी ब्रिजसुद्धा चढू शकत नाही, स्टेशनमास्तर सुटला." मी वही चाळली आणि ते पान आलंच. सगळ्या नोंदींसमोर निळ्या शाईची बरोबरची खूण, या एकीसमोर पेन्सिलीची. मला वाटलं, एसटीत पेन संपलं असेल. पण कान तापले. मी म्हणालो, "सर, या शिखराचं एक सांगायचं होतं." तुम्ही तव्याकडे बघत म्हणालात, "नंतर. करपेल." थालीपीठ उलटलंत, मला वाढलंत, लोणी घातलंत, आणि विषय निघाला नाही. मीही काढला नाही. लोणी चांगलं होतं, हेही एक कारण होतं. त्या दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

आता खरी खुशाली सांगतो. मला एक मुलगी आहे आणि ती माझ्याहून चांगली चढते. हे कौतुकानं लिहितोय असं समजू नका. वडिलांना मागे टाकून वर जाऊन बसायचं आणि संत्रं सोलत म्हणायचं, "ये बाबा, सावकाश ये," हे संस्कारात बसत नाही. चाकणला नोकरी करते. दोर, हेल्मेट, त्या लोखंडी कड्या, सगळं तिच्याकडे आहे. माझ्याकडे 'गिरि' शब्द आहे. तिच्या लहानपणी मी तिलाही शब्द चालवायला लावला. तिनं तीन पावलांची दोन करून घेतली, कारण द्विवचन तिला अनावश्यक वाटतं. म्हणते, "आता कोण वापरतं रे दोघांसाठी वेगळं?" मी तिला सांगितलं, जे दोघंच डोंगर चढतात ते वापरतात. तिच्यासारखी मंडळी शिखरं जमवतात त्याला त्यांच्यात पीक बॅगिंग म्हणतात. मला आधी वाटलं हा पीकविम्यातला काहीतरी प्रकार असावा. तिच्या फोनमध्ये एक ॲप आहे, ते शिखराच्या टोकावर पाऊल पडल्याशिवाय नोंदच घेत नाही. तुमच्या शब्दप्रमाणाची त्या यंत्रापुढे काही मात्रा नाही. पण घरात आमची वहीच चालते, आणि त्या वहीत खोटी खूण नाही, हे मी तिला तिच्या सातव्या वर्षापासून सांगत आलो. एक सोडून, हे सांगितलं नाही.

ते गेल्या थंडीत सांगितलं. जूनमध्ये ती हिमालयात चालली आहे, बर्फातल्या एका शिखरावर, आठ जणांच्या तुकडीबरोबर. त्याच्या तयारीसाठी म्हणून रविवारचे आम्ही दोघं कुठं कुठं चढत होतो. एकदा जेवताना मी म्हणालो, "मला जुन्नरच्या बाजूला एक राहिलेलं शिखर आहे." ती म्हणाली, "वहीत तर आहे ते." मग सांगावं लागलं. सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तिनं वरणात भात कालवला. मग म्हणाली, "जाऊ या."

आभाळ त्या दिवशी असं लख्ख होतं की खोटं बोलायची सोय नव्हती. मी तुमच्या नियमानं चढलो, तीन पावलं, तीन रूपं. सप्तमीपर्यंत येता येता घाम यायचा, संबोधनाला थांबून पाणी. पहिल्या माथ्यावर पोचलो आणि पाय आपोआप थांबले. इथंच. हाच तो दगड, इथंच मी बसलो होतो. ती पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे नाही. ते." जमीन थोडी खाली उतरत होती आणि पलीकडे, दोन शेतांइतक्या अंतरावर, दुसरा माथा होता. थोडासाच उंच. खालून वाडीतून तो दिसतच नाही, पहिल्याच्या मागे दडतो. मी त्या डोंगराला आता मनात विसर्ग म्हणतो. त्याच्या दोन टिंबांतलं एकच बघून, पूर्णविराम समजून मी वाक्य पुरं केलं होतं. धुकं नसताना तिथवर जायला दहा मिनिटं लागली. टोकावर शेंदूर फासलेला मोठा धोंडा, त्याला टेकून एक त्रिशूळ, आणि लोखंडी चौकटीला टांगलेली घंटा. मी हात लावला. मुलीनं घंटा वाजवली. "झालं, सुटलास," म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

चहाची ओसरी अजून आहे. म्हातारीही आहे, तेव्हा ती तिशीची असेल, आता तोंडात दात नाहीत पण बोलण्याला धार आहे. मुलीनं सहज विचारलं, "आजी, वर धुकं फार येतं का हो?" म्हातारी म्हणाली, "यतं म्हंजी! आगं, एकदा एक मास्तर आल्ता, दौंडाकडचा. त्याचा पोरगा गेल्ता वर, आन् आलं की धुकं. मास्तर त्या चौथऱ्यावर उबा राह्यला आन् जे वरडाया लागला, गिरी गिरी गिरी गिरी... आमाला वाटलं धुक्याला मंतर घालतोय. तासभर वरडत व्हता. आवाज बसला त्याचा. आमचं धनी त्यास्नी म्हनलं, मास्तर, पानी तरी प्या. तर हातानंच न्हाई म्हनला, आन् परत गिरी गिरी. त्यापास्नं आमचं धनी, गुरं धुक्यात चुकली का तसंच वरडायचं. गुरं यायची बी."

मी चहाची बशी खाली ठेवली. मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकारच. तिनं विचारलं, "मग? आला का तो पोरगा?"

"आला की. धुक्यातनं दिसला तवा मास्तर मटकन खालीच बसलं, गुडघं धरून. मला वाटलं रडत्यात का काय. मंग उठलं, बाकावर यून बसलं आन् मला म्हनलं, दोन चा टाक, आन् भजी काढ. आन् सांगते का, त्यो पोरगा लई लबाड. मास्तरानं मला आदीच इचारलं व्हतं, वर काय हाय? म्या सांगितलं, शेंदराचा धोंडा हाय, घंटा हाय. मंग मास्तरानं पोराला इचारलं, तर पोरगा म्हनतो, काय न्हाई, दगडं! म्या तोंड उगडनार, तर मास्तरानं माझ्याकडं आसं बगितलं."

"कसं?"

"गप म्हनल्यावानी." म्हातारीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "लबाड पोरगं. आता कुटं आसंल, काय म्हाईत."

"शिरूरला असतो," मुलगी म्हणाली. "ठीक आहे तसा."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या बशीत आणखी चहा ओतला आणि म्हणाली, "भजी काढू का?"

सर, तुम्हाला माहीत होतं. चहाच्या आधीपासून माहीत होतं. मी एसटीत झोपेचं सोंग घेतलं तेव्हा तुम्ही पिशवीत पेन असताना पेन्सिल शोधलीत. स्वयंपाकघरात थालीपीठ करपत नव्हतं. मंद आचेवर होतं, मी बघत होतो. आणि ज्या आवाजावर मी सबंध उतारभर चिडलो होतो तो आवाज धरून मी जिवंत खाली आलो, हे मला कळायला मला स्वतःला गुडघेदुखी सुरू व्हावी लागली. संस्कृत घेऊन इतके गुण मिळवलेला मनुष्य इतका मठ्ठ असू शकतो, याचं तुम्हाला नवल वाटणार नाही. तुम्ही माझे पेपर तपासलेले आहेत.

ओसरीवरच वही काढली. नियमानं चहा झाला होता. मुलीनं पेन पुढे केलं आणि म्हणाली, "कर आता शाईनं." मी म्हणालो, "नको. शिक्षकांनी केलेली खूण विद्यार्थ्यानं गिरवायची नसते." शेऱ्यात मात्र दोन बोटांच्या जागेत लिहिलं, 'घंटा आहे'. बरोबर मावलं. तेव्हा माझी सुरुवातीची तक्रार मी मागे घेतो.

एवढ्यावर हे पत्र संपायला हवं होतं. मी गेले आठ दिवस ते इथंच संपवून पुन्हा उघडतो आहे, म्हणून आता लिहूनच टाकतो. परतीच्या वाटेवर गाडी मुलगी चालवत होती. बेल्ह्याच्या पुढे कुठंतरी ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? मी त्या बर्फातल्या शिखराची खोटी खूण कधीच करणार नाही. टोकाला हात लागल्याशिवाय नाही म्हणजे नाही." मला आवडावं म्हणून म्हणाली. मी "शाब्बास" म्हणालो. तिच्या सातव्या वर्षापासून मी हेच तर शिकवलं होतं. आणि शिरूरचा घोडनदीचा पूल येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की धुकं आलं तरी ही पोर हात लावल्याशिवाय मागे वळायची नाही.

ती या शुक्रवारी हिमालयाला निघते. सॅक हॉलमध्ये भरून ठेवली आहे. तिची आई लाडू कमी पडतील का म्हणून काळजीत आहे, आणि मी घरभर विनोद करत हिंडतो आहे. तुम्ही चौथऱ्यावर उभं राहून ओरडू शकलात. मी कुठं उभा राहू? शिरूरच्या गच्चीवरून आठही विभक्त्या ओरडल्या तर शेजारी डॉक्टर बोलावतील, आणि तिच्यापर्यंत एक अक्षर पोचणार नाही. हे पत्र वहीत त्या पानाशी ठेवून देतो. तुमचा पत्ता वहीशिवाय दुसरा मला माहीत नाही. बाजूला एक पेन्सिल ठेवली आहे, टोक करून. हे तिला सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. सर, मला भीती वाटते. ती टोकाला पोचली नाही तरी चालेल, आणि पोचले असं खोटं सांगितलं तरी चालेल. वर काय होतं, म्हणून मी विचारणार नाही. तिनं फक्त खाली यावं.